उतरता उतरता परत वर

बारामतीहून निघताना कॅप्टन ऋतुजाने एकच अट घातली. तिने कशालाही हात न लावता मी शिर्डीच्या विमानतळावर उपकरणांच्या भरवशावर, म्हणजे बाहेर न बघता समोरच्या काट्यांवर विसंबून, विमान उतरवून दाखवायचं. जमलं, तर ती पुढच्या आठवड्यात मला परीक्षेला बसवणार. ऋतुजा माझी शिक्षिका. माझ्या मुलीच्या वयाची आहे, मला काकू म्हणते आणि अजिबात गय करत नाही. विमान चालवायचा परवाना मी पन्नाशीत काढला. उपकरणांवर उडवायची ही एक परीक्षा तेवढी राहिली आहे.

भीमा ओलांडली, पारनेरचे उघडे माळ मागे पडले. राहुरीपासून रंग बदलला. देवळाली प्रवरेच्या आसपास नुसता ऊस. थंडीची सकाळ होती. तोडणी झालेल्या शेतांत पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवलेलं होतं आणि धूर वर न जाता धुक्यात मिसळून पसरला होता. पुणतांब्याजवळ वळलो, तेव्हा खाली गोदावरी दिसायला हवी होती. दिसली नाही. मी तळहात ओढणीला पुसले.

आता काटेच खरे. एक डावी-उजवी दिशा सांगतो, दुसरा उतार. मी फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) एक खाच सोडले. फ्लॅप सोडले की विमानाचा वेग कमी होतो, पण क्षणभर ते वर उचललंही जातं. विमानाचं नाक खाली दाबून धरलं. दुसरी खाच. उताराचा काटा डळमळला, परत मधे आला. ऋतुजाचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

ठरलेल्या उंचीवर मान वर केली. समोर पांढुरकं, बाकी काही नाही. अजून थोडं खाली गेलं तर दिसेल, असं मनात आलंच. पण त्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर खाली जायचं नसतं.

"परत वर," मी म्हणाले. इंजिनाला पूर्ण ताकद दिली, नाक उचललं, आणि घरात सगळी कामं एका दमात उरकते तसा फ्लॅपचा दांडा एका झटक्यात वर ढकलला. पंखांचा तो आधार एकदम गेला आणि विमान खचलं. ऋतुजाचा तळवा माझ्या हातावर आला आणि दांडा एक खाच खाली बसला.

"एकेक, काकू. आधी वर चढू दे."

चढलो. पुणतांब्याकडे घिरट्या घालून ऊन तापायची वाट पाहिली. दुसऱ्या खेपेला धावपट्टी वेळेत दिसली आणि विमान नीट टेकलं.

बाहेर टपरीवर शेव घातलेले पोहे घेतले. प्रवाशांची वाट बघणारा पुणतांब्याचा एक गाडीवाला शेजारी चहा पीत होता. त्याने विचारलं, "मघाशी वर घरघरत हुतं ते तुमचंच का, बाई? उतरायचं सोडून परत वर गेल्तं."

मी हो म्हटलं.

"आमी म्हनलं, वाट चुकलं जनू." मग त्याने विचारलं, "खालचं काईच दिसत न्हाई व्हय वरून?"

आज नाही दिसलं, म्हटलं. त्याने माझ्याकडे, मग ऋतुजाकडे पाहिलं आणि आपल्याला गाडीच बरी, असं काहीसं पुटपुटला. ऋतुजा हसली. मला पोहे जाईनात.

परतीला आकाश स्वच्छ होतं. राहुरीपाशी ऋतुजाच म्हणाली, "मी हात लावला, काकू."

"माझ्या हाताला लावलास. विमानाला नाही."

"मग परीक्षेत तेवढा हात मागून घ्या."

वर जायचा निर्णय माझा होता, आणि तो बरोबर होता. पण बरोबर निर्णयानंतरही जमिनीपासून इतक्या जवळ विमान खचलं होतं, आणि शेजारची सीट रिकामी असती तर काय झालं असतं, हे मी परतीच्या वाटेवर पुरतं समजून घेतलं.

बारामतीला उतरल्यावर नवऱ्याचा फोन आला. परीक्षा कधी, त्याने विचारलं. इतक्यात नाही, मी सांगितलं.

विमान झाकताना ऋतुजाने विचारलं, पुढच्या वेळी पुन्हा शिर्डी का?

"इथेच," मी म्हणाले. "उतरायचंच नाही. खाली यायचं आणि परत वर जायचं. फ्लॅप एकेक खाच."