निवडक करंज्या

समोरच्या खिडकीत मार्थाबाई माझी करंजी खात उभ्या आहेत. सारण सांडू नये म्हणून खाली तळवा धरलाय. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघतेय.

याच तोंडाने त्यांनी माझ्या लेकीच्या होणाऱ्या सासूला सांगितलं होतं, की मुलीला फिट येते. साफ खोटं. ठरलेलं लग्न मोडलं. मीही चर्चच्या पायरीवर चारचौघांत त्यांची लाज काढली. तेव्हापासून प्रार्थनेत क्षमेचं वाक्य आलं की माझे ओठ मिटतात.

पण एका रविवारी पाळकांनी शास्त्रातून वाचलं, की वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल. ही आज्ञा मला फार आवडली. क्षमा जमत नाही, पण वाढायला मला कुणी शिकवायला नको.

दर नाताळला निवडक करंज्यांचं पहिलं ताट त्यांच्याकडे जातं. फुटक्या आम्ही खातो.

"आई, त्यांना कशाला?" लेक चिडते.

"प्रभूची आज्ञा आहे," म्हणत मी आणखी एक ठेवते.

इतकी वर्षं ताट नुसतं धुऊन परत यायचं. आज मात्र करंजी संपवून मार्थाबाई खिडकीतून हलल्या आणि ते भरून स्वतः दारात आल्या. "घ्या हो, आमच्या घरच्या." एकही फुटकी नव्हती.

आता त्या पुन्हा खिडकीत उभ्या आहेत, माझ्या तोंडाकडे बघत. मी करंजी उचलली, खाली तळवा धरला, आणि आठवलं: त्या रविवारी त्या माझ्या पुढच्याच बाकावर बसल्या होत्या.