सिगारेटच्या पाकिटातले खेळाडू

जुन्या हुबळीत आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात कारकून होते. सिगारेटच्या पाकिटातून निघणारी क्रिकेट खेळाडूंची चित्रं ते जमवत. स्वतः ओढत नसत. ओढणाऱ्यांकडून मागून आणत. हात धोतराला पुसून मगच चित्र उचलत आणि मला हळूच म्हणत, "अण्णा, सोनं आहे बघा हे. नुसतं थांबायचं."

युद्धाच्या दिवसांत त्यांची बायको खाटेला खिळली. डॉक्टर म्हणाले, मिरजेला न्या. पैसा नव्हता, म्हणून अशीच चित्रं जमवणाऱ्या धारवाडच्या एका वकिलांना मी घेऊन आलो. त्यांनी सगळी चित्रं चांगल्या किमतीला मागितली. शेजाऱ्यांनी चित्रांचा गठ्ठा पुन्हा बांधून ठेवला.

"युद्ध संपू द्या. दुप्पट येतील."

"आणि अक्कांना मिरजेला न्यायचंय, त्याचं काय?" मी विचारलं.

"पडेल हो उतार."

अक्का त्याच आठवड्यात गेल्या. दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो. अक्कांची खाट अंगणात उन्हात काढली होती आणि तिच्यावर दमट झालेली चित्रं ओळीनं मांडली होती. मी कडेला टेकणार, तोच त्यांनी माझा दंड धरला.

"तिथं नको, अण्णा. कोपरे दुमडतील."