भिंतीपलीकडचा मेन स्विच
परवा रावेतच्या फ्लॅटमध्ये इस्त्रीचा प्लग जळला आणि त्या वासासरशी मला थेरगावचं जुनं घर आठवलं. वाटणीत मी भांडून रस्त्याकडची बाजू मिळवली होती, पण दोन्ही घरांचा मेन स्विच थोरल्या भावाच्या खोलीत राहिला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. एक दिवस स्वयंपाकघरातल्या तडकलेल्या काळ्या सॉकेटचा बायकोला शॉक बसला. सगळी सॉकेटं बदलायची तर मेन बंद करायला हवा, म्हणजे भावाला विनवायला हवं. मी विनवलं नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, तेव्हाच वायरमनला बोलावलं. "लवकर आली तर, शेठ?" "येत नाही राव, तू हात चालव." त्याची बोटं उघड्या तारांवर होती आणि अचानक समोरच्या घरातला टीव्ही सुरू झाला. म्हणजे लाइट आली होती. पण वायरमनला काहीच झालं नाही. भिंतीपलीकडून भाऊ म्हणाला, "मेन मघाशीच पाडलाय. झालं की हाक मार, व्यवहारी माणसा." नवी पांढरी सॉकेटं बसली. सगळ्या गल्लीत लाइट, फक्त आमची दोन घरं बंद. मी घाम पुसत बसून राहिलो. "चेक करायला लाइट पाहिजे, शेठ," वायरमन म्हणाला. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "दादा, झालं." लगेच पंखा फिरला. आता या फ्लॅटचा मेन माझ्याच दाराशी आहे. चाकणच्या बाजारातल्या भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी भावात वाकवलं, माझ्याकडून फुकटात कुणी काही नेलं नाही. ती हाक तेवढी दादाने नेली.