उघड्या गाडीतला बेस

आमचे फुवा हे सुरतेतले बहुधा एकमेव गृहस्थ असतील, ज्यांनी जगातल्या सगळ्या वस्तू, प्राणी आणि नातेवाईक यांची वाटणी ‘बेस असलेले’ आणि ‘बेस नसलेले’ अशा दोनच भागांत करून टाकली आहे. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही खान्देशातले लोक आत्याला फुई म्हणतो आणि तिच्या यजमानांना फुवा. पर्वत पाटियाजवळच्या एका गल्लीत त्यांचा छोटा गाळा आहे आणि तिथे ते गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवतात. स्टिरिओ हे आपलं म्हणायचं; खरं तर ते बेस, म्हणजे छातीत घुमणारा खालचा आवाज, बसवतात, आणि त्याच्यासोबत थोडं गाणंही येतं. त्यांच्या मते म्हशीला बेस आहे, शेळीला नाही. पाण्याच्या टँकरला आहे, आमच्या नगरसेवकाला नाही. फुईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीला आहे. माझ्या शिक्षणाला अजून आलेला नाही, पण कॉलेज पूर्ण झालं की येईल, असं ते मला धीर दिल्यासारखं सांगतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे याबाबत दुसरं मत कोणाला विचारावं हे मला कळत नाही.

बेस आहे की नाही हे ते तळहाताने तपासतात. कुठल्याही घरी गेले की आधी फ्रिजवर हात ठेवतात आणि यजमानांना फ्रिजच्या तब्येतीबद्दल चार शब्द सांगतात. एका लग्नात वरात रंगात आलेली असताना त्यांनी पुढे होऊन सगळ्यात मोठ्या ढोलावर हात ठेवला, डोळे मिटले आणि ढोलवाल्याला म्हणाले, “पान ढिल्लं शे.” म्हणजे ढोलाचं चामडं सैल आहे. ढोलवाला म्हणाला, “काका, नवरदेव खोळंबलाय.” फुवा म्हणाले, “खोळंबू दे. त्याच्यापण आवाजात काही नाही.” स्वतःच्या मुलीसाठी नंदुरबारकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, शांत, बारीक आवाजात बोलणारा. फुवांनी त्याला पोहे खाऊ घातले, पाऊण तास त्याच्या तोंडाकडे बघत बसले आणि तो गेल्यावर नकार दिला. कारण एकच, पोरात बेस नाही. शेवटी जावई केला तो ट्रक चालवणारा, ज्याच्या नुसत्या खोकल्याने मांडणीतले डबे हलतात. मुलगी सुखात आहे, हे मला इथे लिहिलं पाहिजे.

त्यांच्या बाकीच्या सवयीही अशाच. फोनवर ते बोलत नाहीत, कारण फोनमध्ये बेस नसतो. त्यांच्याशी बोलायचं तर समोर येऊन बोलावं लागतं. मागून किंवा बाजूने कोणी काही विचारलं तर उत्तर मिळत नाही, आणि मग त्या माणसालाच शिस्तीवर भाषण ऐकावं लागतं. “मोठ्या माणसाशी तोंड दाखवून बोलावं. पाठीमागून बोलणारा माणूस मला आवडत नाही.” लहानपणी मी हे संस्कार समजत होतो. (त्यांची भाषा घरात अहिराणी, गाळ्यात गुजराती आणि गिऱ्हाईक चिडलं की हिंदी अशी असते. मी इथे ती सगळ्यांना समजेल अशी थोडी बदलून लिहितो आहे. त्यात त्यांची चव थोडी कमी होते, याला माझा इलाज नाही.)

मी गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून अभ्यास करतो. आमची खोली लहान, माणसं जास्त, म्हणून फुवांनीच मला तिथे जागा दिली. खाली दिवसभर वूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, धडधडत असतात आणि माझं पुस्तक मांडीवर हलत असतं. पण फुवांचं म्हणणं असं, की मोठा आवाज एकदा अंगात भिनला की बारीकसारीक आवाज त्रास देत नाहीत आणि मन लागतं. ते स्वतः सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात तरुणपण घालवून आलेले. तिथे एका पत्र्याखाली इतके लूम चालतात की शेजारच्याने कानात ओरडलं तरी समजत नाही. त्यामुळे कारीगर ओठ हलवून, खाणाखुणांनी बोलतात. फुवा सांगत, “आम्ही दिवसभर गप्पा मारायचो. तोंडातून आवाज काढायचं कामच नव्हतं.”

गेल्या दिवाळीनंतर एकदा मी फुईकडे जेवत होतो. फुवा दुसरीकडे तोंड करून बसले होते. फुईने त्यांना तिच्या बारीक आवाजात दोनदा भाकरी विचारली आणि मग उठून, वळसा घालून, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. परत येऊन माझ्याजवळ बसली आणि हळू म्हणाली, “तुना फुवाले आयकू येत नही रे. बारीक आवाज तर कधीच गया. आते मोठा आवाज बी जाई राहिना. कोनले सांगू नको.” फोन, शिस्त, नंदुरबारचा मुलगा, सगळं माझ्यासमोर एकदम दुसऱ्या बाजूने उभं राहिलं. फुई पुढे म्हणाली, की कारखान्यात बहिरा माणूस चालतो, उलट तोच टिकतो. पण बाजा बसवणारा बहिरा आहे म्हटल्यावर गाडी कोण देईल? गल्लीत फुवांच्या शेजारीच एक सीटकव्हरवाला आहे. त्याला सकाळी कळलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळते. हा गाळा गेला तर फुवांना या वयात पुन्हा लूमवर कोणी उभं करणार नाही. तेव्हापासून मी पोटमाळ्यावर बसायचो, पण माझं अर्धं लक्ष खाली असायचं.

अशात ती उघडी गाडी आली. पलसाण्याकडे ज्यांची कपडा रंगवायची मिल आहे अशा एका शेठचा मुलगा ती घेऊन आला. दोनच माणसांची, लाल, बसकी, आणि बटण दाबलं की छत मागे जाऊन डिकीत बसतं. फुईने ती पाहिली आणि मला विचारलं, “पावसाळ्यात काय करत असेल बिचारा?” मुलगा स्वभावाने चांगला होता, पण दुःखी होता. म्हणाला, “काका, छत बंद होय त्यारे मस्त वागे छे. खुल्लुं करुं के बधुं उडी जाय.” छत बंद असलं की छान वाजतं, उघडलं की सगळं उडून जातं. दोन मोठ्या दुकानांनी त्याला सांगितलं होतं की उघड्या गाडीत बेस थांबतच नाही, नाद सोड. फुवा हे त्याच्या ओठांवर वाचत होते आणि त्यांचा चेहरा खुलत चालला होता. त्यांनी गाडीच्या दारावर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, “बंद गाडीत कोणीही करेल. डब्यातला लाडू जातो कुठे? हे खरं काम.”

आणि त्यांनी खरोखर जीव ओतला. दोन्ही दारं उघडून आतली सगळी भोकं बुजवली, पत्र्याला आतून जाड शीट चिकटवली, की पत्रा थरथरून आवाज खाऊ नये. बेस लांबून येण्याआधी वाऱ्यावर जातो, म्हणून दोन वूफर अगदी माणसाच्या पाठीशी, सीटच्या मागे, एकेक डबा बनवून बसवले. डब्याच्या कडा बोटाने चाचपून जिथे हवा निसटेल असं वाटलं तिथे पुन्हा भरल्या. जेवणाची आठवणही फुईला गाळ्यावर येऊन समोर उभं राहून द्यावी लागायची.

मुलगा ऐकायला आला. छत उघडलं, गाणं लावलं, आणि मी पोटमाळ्यावरून ऐकलं तर बेस आधीपेक्षाही कमी. जवळजवळ नाहीच. फुवांनी डाव्या वूफरवर हात ठेवला, तो उसळत होता. उजव्यावर ठेवला, तोही उसळत होता. ते समाधानाने हसले. मुलगा म्हणाला, “बेस नथी, काका.”

फुवा म्हणाले, “काही घाई नाही. नंतर दे.”

मुलगा गोंधळला. त्याने पुन्हा, जरा सावकाश सांगितलं, “काका, बेस नथी.”

“अरे, घरचा माणूस तू. आज नसले तर उद्या. तुझ्या वडिलांची मिल कुठे पळून चालली आहे?”

मला वरून समजायला वेळ लागला. ‘बेस’ आणि ‘पैसा’ हे शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. मी नंतर आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं, फारसा फरक कळत नाही. एवढ्या महागड्या गाडीचा मालक हात जोडल्यासारखं करून बेस नथी, बेस नथी म्हणत होता आणि फुवा मोठ्या मनाने त्याला उधारी देत होते. शेजारचा सीटकव्हरवाला हातातली सुई थांबवून बघायला लागला. मी धडपडत खाली आलो. मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, “काकाने संभळातुं नथी के शुं?” काकांना ऐकू येत नाही की काय, असं. मी म्हणालो, “सर्दी झालीय.” भर उन्हाळा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, सीटकव्हरवाल्याकडे बघितलं, आणि म्हणाला की गाडी इथेच ठेवतो, उद्या संध्याकाळी येईन, नाही जमलं तर दुसरीकडे नेईन.

तो गेल्यावर फुवा आवाज वाढवणारा आणखी मोठा अॅम्प शोधायला लागले. मी गाडीत बसून नुसता डावा वूफर वाजवून पाहिला. बेस होता. नुसता उजवा वाजवला, होता. दोन्ही एकत्र वाजवले की नाहीसा. आम्हाला पहिल्या वर्षाला हे शिकवलं होतं. एक लाट वर जाताना दुसरी खाली जात असेल तर दोन्ही मिळून शून्य. परीक्षेत मी त्याची आकृती काढली होती. उजव्याच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. एक वूफर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. हाताला दोन्ही जोरात लागतात, कानालाच फक्त कळतं. फुवांनी आजवर किती वूफर बसवले असतील, अशी चूक सगळ्यांकडून होते आणि कान ती लगेच सांगतो. त्यांना सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं.

हे त्यांना कसं सांगायचं, ते मला कळेना. चूक सांगायची तर ती मला कशी कळली आणि त्यांना का नाही, हेही सांगितल्यासारखं होणार. आणि सीटकव्हरवाला अजून इकडेच बघत होता. शेवटी मी गाणं मोठं केलं, फुवांच्या समोर उभा राहिलो आणि आवाज न काढता फक्त ओठ हलवले. “उजव्याची वायर उलटी आहे.”

फुवा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी कधीच त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. मग तेही आवाज न काढता म्हणाले, “कोणी सांगितलं?”

वायरीचं ते विचारत नव्हते, एवढं मला कळलं. मी ओठांनीच म्हणालो, “कोणी नाही. माझं मला कळलं.”

त्यांनी मान हलवली. अॅम्प खाली ठेवला, गाडीत वाकले आणि वायर सोडवायला लागले. ती छोटीशी वायर काही केल्या जागेवर बसेना. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी हळूच बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा आला. गाडीत दोनच जागा, म्हणून तो आणि फुवा असे कडोदऱ्याच्या रस्त्याने चक्कर मारून आले. ते परतले तेव्हा मुलाचे केस उभे राहिले होते आणि तो हसत होता. फुवांच्या दोन्ही हातांना धरून म्हणाला, “काका, छाती मां वागे छे.” छातीत वाजतंय. सीटकव्हरवाल्यालाही त्याने बसवून ऐकवलं. गाडी गेल्यावर मी फुवांना विचारलं, चालत्या गाडीत बेस आला हे तुम्हाला कसं समजलं? ते म्हणाले, “त्याच्याकडे बघत होतो. मान हलायला लागली त्याची.”

मग पाण्याच्या पिंपाशी हात धुताना ते माझ्याकडे वळले.

“तो गाणं कोणतं लावतो रे?”

मी सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं.

“माणूस म्हणतो का बाई?”

“बाई.”

ते साबण हातात घेऊन थांबले. “म्हणून दाखव.”

मला गाता येत नाही. तरी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि ते गाणं, जसं येत होतं तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. रस्त्यावरून रिक्षा चालल्या होत्या, मधे कोणीतरी हॉर्न वाजवला. फुवांनी माझ्या ओठांवरून एकदाही नजर हटवली नाही. संपल्यावर म्हणाले, “सावकाश आहे की. मी समजत होतो, काहीतरी धडाकेबाज असेल.” हात पुसले. “बाई एवढं सावकाश म्हणते, आणि मी तिच्यावर केवढा बेस टाकून ठेवला. त्याला बोलाव. कमी करून देऊ.”

आयुष्यात पहिल्यांदा ते बेस कमी करायचं बोलले. मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “ना ना, मस्त छे, अडशो नहीं.” हात लावू नका, झकास आहे. मी फुवांसमोर उभा राहून तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण ते त्यांना पटलेलं दिसलं नाही. गाळा अजून चालू आहे. मोठी कामं ते आता घेत नाहीत, कोणी आग्रह केला तर हात दुखतो म्हणतात. कधी मी पोटमाळ्यावरून खाली आलो, की माझ्या तोंडाकडे बघत विचारतात, “तो उघड्या गाडीवाला आला होता का?” मी नाही म्हणतो. “आला तर थांबवून ठेव. बाईचं काम राहिलंय.”