एकशेवीसच्या जागी दहा हजार

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मनातल्या मनातसुद्धा कधी सरळ सांगितलं नाही — दरवेळी थोडं इकडचं तिकडे केलं, माझा वाटा कमी केला, नशिबाचा वाढवला. मी हिशेबाला पक्की बाई आहे. बचत गटात माझा आकडा चुकला असं कुणी म्हणत नाही. एक आकडा मी मुद्दाम चुकवला, हे म्हणूनच आजवर कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आधी माझं सांगते. माहेर माजरीचं, कोळसा खाणीच्या वसाहतीतलं. लग्न करून एटापल्लीत आले. नवऱ्याची सरकारी नोकरी, घर स्वतःचं, पगार वेळेवर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे केलं ते गरजेपोटी केलं असं तुम्हाला वाटायला नको.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं आमच्याकडच्या बायांना सौरदिवे जोडायला शिकवायचं ठरवलं. चंद्रपूरहून एक सर यायचे. सभागृहात लांब टेबलाभोवती आम्ही बसायचो. सोल्डर मारायला, म्हणजे वितळलेल्या कथलाचा टाका द्यायला, हात दोन-चार दिवसांत सरावले; खरा त्रास रेझिस्टरचा. विजेला हवं तेवढंच जाऊ देणारा तो इवलासा निळा तुकडा. अंगावर रंगांचे पाच पट्टे आणि प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन. माझ्या शेजारी बसलेली सोमरी तो चिमटीत धरून म्हणाली, “हे तं रंगवलेलं गोचीड हाय, सुरेखाबाई. सांभाळून धरा, चिपकते.” सगळ्याजणी हसल्या. सरसुद्धा. मला ते आवडलं नाही. का आवडू नये? साधा विनोद होता. पण त्यानंतर सर आमच्या टेबलाकडे आले की आधी तिच्याशी बोलत.

सोमरी नदीपलीकडच्या गावातली, माडिया. रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती शिकवणीभर माझ्या घरी राहिली. मीच बोलावलं होतं, सरांच्या समोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. येताना तिनं पानाच्या दोन्यात चारोळी आणली होती. मी उठायच्या आत अंगण झाडून टाकायची. जेवताना आपली कथा सांगायची — दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जावं लागतं, हात रात्रभर जळतात, लेकीला आश्रमशाळेत सोडून जावं लागतं, परत आलं की लेक ओळख विसरल्यासारखी वागते. आणि सरांनी सांगितलं होतं की परीक्षेत जिचे दिवे सगळ्यात चांगले, तिच्या गावात दिवे जोडायचं केंद्र निघेल आणि ते तिनंच चालवायचं. “केंद्र भेटलं का मिरचीले जाचं काम नाई,” ती म्हणायची. एवढंच तिला हवं होतं. मी तिच्या ताटात भात वाढत ते ऐकायचे.

आता तो आकडा.

त्या दिव्यात एक रेझिस्टर एकशेवीस ओहमचा होता आणि एक दहा हजारांचा. दोन्हींवर तेच पट्टे. तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी — असं वाचलं तर दहा हजार. तोच तुकडा उलटा धरा — तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी — एकशेवीस. शेवटचा पट्टा बाकीच्यांपासून जरा दूर असतो, त्यावरून दिशा कळते. पण स्वस्त मालात ते अंतर केसाएवढं. मी एकदा फसले होते. सरांनी मला बाजूला घेतलं, टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या मीटरवर तो तुकडा मोजून दाखवला आणि म्हणाले, ही चूक कुणाचीही होऊ शकते, शंका आली की मीटरवर मोजायचं. कुणाचीही होऊ शकते — हे मी जपून ठेवलं. कशासाठी ठेवते आहे ते तेव्हा माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. माहीत होतं.

काम जोडीनं चालायचं. एकीनं रेझिस्टर वाचून हातात द्यायचा, दुसरीनं बसवून सोल्डर मारायचं. बाकीच्या बाया हातात आलेला तुकडा एकदा तरी उलटासुलटा करून बघत. सोमरी बघत नसे. मी तिला विचारलंही होतं. ती म्हणाली, तेंदूपानं आणली की त्यांच्या घरी एकजण पानं मोजते आणि दुसरी पुडकं बांधते. बांधणारीनं पुन्हा मोजायचं नसतं. मोजलं तर पहिलीला चोर म्हटल्यासारखं होतं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं असं नाही — माझ्याइतकंच यायचं, कदाचित माझ्याहून जलद. पण मी वाचून दिलेला तुकडा ती बघायची नाही. माझ्या तोंडाकडे बघायची.

परीक्षेच्या दिवशी सरांनी दोन्ही रेझिस्टर एकाच वाटीत मिसळून ठेवले. प्रत्येकीनं तीन दिवे जोडायचे. आधी सोमरीची पाळी, मी वाचणारी.

मी दहा हजारांचा तुकडा उचलला. नीट पाहिला. दिशा तपासली, शेवटच्या पट्ट्याचं अंतर तपासलं — खात्री करून घेतली की दहा हजारच आहे. आणि म्हटलं, “एकशेवीस.” तिनं हात पुढे केला. तीनदा असंच. एकदा हात चुकतो, तीनदा चुकत नाही. मीटर चार पावलांवर होतं, ती एकदाही उठली नाही. का उठेल?

मग पाळी बदलली. तिनं मला वाचून दिले. तिन्ही बरोबर. मी प्रत्येक तुकडा मीटरवर मोजून घेतला — तिच्यादेखत. तिनं मान खाली घातली. तेव्हा तरी मी थांबू शकले असते ना? तिच्या दिव्यांचं सोल्डर अजून काढता आलं असतं, पाच मिनिटांचं काम.

सरांनी खिडक्या लावून घेतल्या आणि एकेक दिवा लावला. माझे सगळ्यांत लख्ख लागले. सोमरीचे — लागले, पण कसे? टाचणीच्या टोकाएवढा उजेड. एकशेवीसच्या जागी दहा हजार, म्हणजे प्रवाह ऐंशीव्या हिश्शाहूनही कमी. सरांनी तिच्या दिव्यातली तुकडे बसवलेली प्लेट उलटी केली, तुकड्याला मीटर लावलं आणि विचारलं, हे वाचलं कुणी?

मी गप्प राहिले. सोमरीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नाव घेईल. पण तिला वाटलं होतं की माझी वाचण्यात चूक झाली आणि मी घाबरले आहे. ती सरांना म्हणाली, “माह्यीच नजर चुकली, सर.”

इथे मी थांबले असते तर मी भित्री ठरले असते, एवढंच. पण मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं, गरज नव्हती, केंद्र तर मला मिळालंच होतं. तरी बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

“सर, हिच्या गावात काजव्याचाच उजेड असते. हिनं तेवढाच बनवला.”

सभागृह हसलं. गोचिडाच्या विनोदाला हसलं होतं त्याच्या दुप्पट. सोमरीही हसली, सगळे हसतात म्हणून. आणि मला बरं वाटलं. पश्चात्ताप वगैरे नंतरच्या गोष्टी, त्याही फार नाहीत. त्या क्षणी छातीत गार वाटलं होतं.

त्या दिवशी ती माझ्याच घरी जेवली. ताटं घासली, माझंसुद्धा. जाताना म्हणाली, “मनाले लावून घेऊ नका, बाई. होते असं.” तिनं मला माफ केलं होतं — मी न केलेल्या चुकीबद्दल. मी केलेली तिला माहीतच नाही.

केंद्र एटापल्लीत निघालं. मी चालवते. नव्या मुलींना रेझिस्टर वाचायला मीच शिकवते, आणि कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, मीटरवर मोजा, हेही शिकवते. सोमरी त्या वर्षी मिरचीला गेली, पुढच्याही गेली. बाजारात दिसायची, चारोळी विकताना. भाव न करता जास्तीची मूठ टाकायची. मी घ्यायचे. अलीकडे दिसत नाही; मिरचीच्या धुरळ्यानं दम लागतो म्हणे, घरीच असते.

गेल्या महिन्यात तिची लेक आली. दारात चप्पल काढून उभी राहिली. अगदी आईचा चेहरा, तेच तोंडाकडे बघणं. शिकायचं आहे म्हणाली. “आई म्हणे, सुरेखाबाई शिकवतेत तिथीच जाय. त्याईनं सांगतलं का पाहाचं काम नाई.”

ही पोरगी रोज माझ्यासमोर बसणार. मी दिलेला तुकडा न बघता बसवणार. मी तिला म्हटलं, “जागा नाई, पोरी. सगळ्या भरल्या.”

ती म्हणाली, बरं बाई. चप्पल घालून गेली.

टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, दारातून दिसतील अशा. तिनं मोजल्या नाहीत.