वॉरंट फी, हलगी खर्च आणि आमचं जप्ती पथक

नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यात नोकरी केलेल्या माणसाकडं दोन गोष्टी साठतात. एक थकबाकी, दुसरे किस्से. थकबाकीला निदान व्याज तरी लागतं, किस्से फुकट सांगावे लागतात. रिटायर झाल्यापासून चहाला कोणी आलं की मी सुरू होते, आणि आमचे हे आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांनी सगळे ऐकलेत. तुम्ही नाही ऐकलेत, तर बसा.

गावाचं नाव मात्र विचारू नका. माझं माहेर लातूरचं, नोकरी झाली नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एवढं पुरे. पेन्शनची फाईल अजून त्याच हापिसात आहे.

मार्च लागला की आमचं जप्ती पथक निघायचं. पथक म्हणजे चार माणसं आणि एक टेम्पो. प्रमुख कर निरीक्षक बिराजदार साहेब. मूळचे उदगीरकडचे, लई चिडले की कानडीत बोलायचे. टेम्पोवर गफूरमामू. मी लिपिक. दारात बायका आडव्या आल्या तर पथकात एक बाई पाहिजे, म्हणून मला घेतलेलं. आणि मारुतीअप्पा, हलगीवाले. थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची, गल्ली गोळा करायची, म्हणजे माणूस लाजंकाजं पैसे भरतो, अशी ती युक्ती. ज्यानं काढली त्याच्या दारात कधी वाजली नसणार.

हलगीचा खर्च त्याच घराच्या बिलात लागायचा. नोटीस फी, वॉरंट फी, टेम्पोचं भाडं आणि हलगी खर्च. हे पैसे हापिसात जमा व्हायचे आणि हापिसानं त्यातून अप्पाला द्यायचे. जमा व्हायचे, हे खरं. अप्पाला मात्र मागच्या वर्षीचेसुद्धा मिळाले नव्हते.

आणि मी सांगतेय त्या वर्षी अप्पाला पैशाची लई नड होती. सरकारी घरकुलाच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. पत्र्याच्या खोलीत आयुष्य गेलं, आता पक्कं घर होणार होतं. अट एकच, मार्चअखेर बेबाकी आणून द्यायची, म्हणजे पालिकेची काही बाकी नाही असा दाखला. नाही दिला तर नाव कटणार. आणि अप्पाची स्वतःची घरपट्टी थकलेली.

मी अकाउंट्सला गेले. म्हटलं, "अप्पाचं हलगीचं बिल तुमच्याकडं पडलंय. त्यातूनच त्याची पट्टी वळती करून घ्या की."

अकाउंटंट म्हणाला, "मॅडम, बिल मंजूर करायला त्याची बेबाकी लागते."

"अहो, बेबाकीसाठी पट्टी भरावी लागते. आणि पट्टी भरायला बिल निघावं लागतं."

"हाव," तो म्हणाला, "बरोबर समजलं तुम्हाला."

*

त्या मार्चची सुरुवात मोंढ्यातल्या एका किराणावाल्या शेठपासून झाली. अप्पाची हलगी सुरू झाली तरी शेठ गल्ल्यावरून हलले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, "मॅडम, बिल वाचून दाखवा."

मी वाचलं. नोटीस फी. वॉरंट फी. टेम्पो भाडं. हलगी खर्च. शास्ती. प्रत्येकाला शेठ "बरं, पुढं" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "ह्यात पट्टी कुठं हाय?"

मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"एवढीच? मग आधी सांगायचं की. ही आत्ता भरतो. वरचं तुम्ही मंडळी आपसात वाटून घ्या."

बिराजदार साहेबांचा पारा चढला आणि ते कानडीत काहीतरी बोलले. शेठनी शांतपणे कानडीतच उत्तर दिलं. शेठची सासुरवाडी उदगीरची निघाली. साहेब काय बोलले होते ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही, पण त्यानंतर शेठनी आम्हाला चहा पाजला आणि साहेबांना पाजला नाही.

*

एका गुरुजींच्या दारात गेलो तेव्हा लगीनसराई ऐन भरात होती. अप्पानं हलगीवर हात टाकला तशी गल्लीतल्या बायका पदर सावरत बाहेर आल्या. एकीनं विचारलं, "गुरुजी, पोरीची सोयरीक जुळली काय?"

गुरुजींनी साहेबांकडं बघितलं, हलगीकडं बघितलं, आणि म्हणाले, "हाव. जुळली."

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, फीसकट सगळं आत्ता मोबाईलवरून भरतो. फक्त हे लोक जाईपर्यंत काही बोलू नका." आम्ही बसलो. काकूंनी आतून साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. ज्या पोरीची सोयरीक जुळली ती दारामागं तोंडाला ओढणी लावून हसून राहिली होती.

गल्ली काही हटेना. "पोरगं काय करतं?"

गुरुजी अडकले. समोर साहेबांच्या गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. "पोरगं नगरपालिकेत हाय," ते म्हणाले.

बायकांची तोंडं एकदम पडली. एक म्हातारी तर उठून जवळ आली, गुरुजींच्या दंडाला हात लावून म्हणाली, "गुरुजी, घाई करू नका. तिथं पगार येळंवर होत न्हाई म्हणतेत."

तिचं काही खोटं नव्हतं. आमचा फेब्रुवारीचा व्हायचा होता.

*

पट्टी भरली नाही तर नळ तोडायचा, असा वरून हुकूम आला. एका मावशींच्या दारात आम्ही प्लंबरसकट उभे राहिलो. मी आपलं नियमाप्रमाणं समजावलं, मावशी, भरून टाका, नाहीतर नळ कापावा लागंल.

मावशी ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कापा. पाणी येतंय दहा-बारा दिवसाला. कापलाय हे कळायलाच मला पुढचा आठवडा उजाडंल."

प्लंबरनं पान्यानं नळ सोडवला. थेंब पडला नाही. पायपातून नुसती फुस्स करून हवा आली.

मावशी म्हणाल्या, "तेवढी हवा यायची, ती बी घेऊन चालले."

मला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. त्यात वर साहेब म्हणाले की कनेक्शन तोडायची फी वेगळी. मावशींनी पहिल्यांदा मान वर केली. "मंग परत जोडा," त्या म्हणाल्या, "मी तोडा म्हणाले नव्हते." प्लंबर बिचारा साहेबांच्या तोंडाकडं बघत बसला.

*

आता भैय्याचा. भैय्या म्हणजे गावचे उभरते नेते. दारात पांढरी गाडी, आत झुंबर, थकबाकी गावात एक नंबर. साहेबांनी त्या दिवशी कपाळाला गंध लावलं होतं. म्हणाले, आज सोफा उचलायचाच.

भैय्या लई गोड माणूस. आम्हाला त्याच सोफ्यावर बसवलं. साहेबांनी वॉरंट पुढं केलं.

"घर आईच्या नावावर हाय," भैय्या म्हणाले.

"गाडी?"

"मेव्हण्याची. मी नुसती फिरवतो."

"हा सोफा?"

"बायकोच्या माहेरचा. स्त्रीधन हाय, साहेब, हात लावलात तर भानगड होईल."

साहेब घामाघूम. "मग तुमच्या नावावर हाय तरी काय?"

भैय्यांनी दोन्ही हात जोडले. "साहेब, माझ्या नावावर फक्त जनतेचं प्रेम हाय. ते घेऊन जा."

साहेबांनी तिथंच बसून पंचनामा लिहिला. मी सही करण्याआधी वाचला. शेवटचं वाक्य होतं, "जप्तीयोग्य कोणतीही वस्तू आढळून आली नाही."

अप्पाची हलगी त्या दिवशी टेम्पोतच राहिली. भैय्याच्या दारात वाजवायची नाही असं कोणी म्हणालं नाही, पण वाजवा असंही कोणी म्हणालं नाही. परतताना अप्पानं विचारलं, "मॅडम, माझ्या बिलाचं काय झालं?" म्हटलं, फाईल अकाउंट्सकडून परत साहेबांच्या टेबलावर आलीय. ती खरोखरच टेबलावर होती. त्यावर साहेबांचा डबा ठेवलेला असायचा.

*

भैय्याकडून हात हलवत आल्यावर साहेबांना काहीतरी जप्त करायचंच होतं. दुसऱ्या दिवशी काशीबाईचं दार आलं. नवरा कामाला हैदराबादला, घरात टीव्ही नाही, फ्रीज नाही. काशीबाई म्हणाली, "म्हैस हाय. न्या."

साहेबांनी नेली की! टेम्पोत चढवता चढवता गफूरमामूच्या बनियनच्या चिंध्या झाल्या. म्हैस हापिसाच्या आवारात, अग्निशमनच्या गाडीशेजारी बांधली. संध्याकाळी कास भरली आणि तिनं असा हंबरडा फोडला की जन्म-मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीवरचे लोक पळाले.

गफूरमामू धार काढायला बसले आणि लगेच उठले. मांडी चोळत म्हणाले, "मॅडम, ये भैंस सरकारी नै होती."

म्हैस परक्याला हात लावू देईना. मग काय, काशीबाईला आणायला टेम्पो पाठवला. ती आली, धार काढली आणि दूध घेऊन घरी गेली. साहेब म्हणाले, दूध ठेव. तर म्हणाली, "वॉरंटात म्हैस लिहिलीय, दूध कुठं लिहिलंय?" सकाळ-संध्याकाळ टेम्पोनं येणं, टेम्पोनं जाणं. चारा हापिसाचा, दूध तिचं.

तिकडं म्हैस जाड व्हायला लागली आणि इकडं काशीबाईनं साहेबांपुढं एक कागद ठेवला. भाच्याकडून लिहून आणला होता. धार काढायची फी आणि येण्याजाण्याची फी.

साहेब ओरडले, "येण्याजाण्याची कसली? टेम्पो आमचा हाय!"

"तुम्ही माझ्या दारात आलात तर फी लावता," काशीबाई म्हणाली. "मी तुमच्या दारात रोज दोनदा येऊन राहिले."

म्हशीचा दोर साहेबांनी स्वतःच्या हातानं सोडला.

*

आता शेवटचा. हा मी सांगायला लागले की आमचे हे टीव्हीचा आवाज कमी करतात.

मार्चचा शेवटचा दिवस. वसुलीचा आकडा गाठला नाही तर स्टाफचा पगार रोखायचा असं वरून आलं होतं, म्हणून मुख्याधिकारी साहेब स्वतः टेम्पोमागं गाडी घेऊन निघाले. तरणे होते, नवीनच आलेले. प्रत्येक दारात हलगीचा फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे. "लहान-मोठा भेद करायचा नाही," म्हणाले, "यादीतलं एकही घर सुटता कामा नये."

मी म्हटलं, "सर, भैय्यांचं?"

"तिथं पंचनामा झालाय ना."

दुपार कलली तेव्हा यादीत एकच घर उरलं होतं. मारुतीअप्पाचं.

गफूरमामूनं टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबवला आणि स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. म्हणाले, "इंजिन गरम हुआ." इंजिनाला काहीही झालं नव्हतं.

बिराजदार साहेबांनी खिशात हात घातला. मीही पर्स उघडली. म्हटलं, "अप्पा, आम्ही तिघं मिळून भरतो. पाच वाजायच्या आत पावती फाडू, बेबाकी देऊ, घरकुल हातचं जाऊ देऊ नका. तुमचे पैसे मिळाले की परत करा."

अप्पानं मान हलवली. "मॅडम, माझे पैसे तुमच्या हापिसात हायेत. ते असताना मी दुसऱ्याचे कशाला घेऊ? मी काय कोणाचं बुडवलंय?"

मला इतकी लाज नोकरीत कधी वाटली नाही.

साहेब म्हणाले, "मग हलगी तरी राहू दे, अप्पा. मी सांगतो सरांना."

तोपर्यंत सर मोबाईल काढून दारासमोर उभे होते. "काय झालं? सुरू करा."

अप्पानं वाळका पाला पेटवला, कातडं ताणावं म्हणून हलगी शेकली, गळ्यात अडकवली आणि स्वतःच्या दाराकडं तोंड करून वाजवायला लागला. हळू वाजवत होता. गल्लीतले लोक बाहेर आले, पण रोजच्यासारखं कोणी हसलं नाही.

पत्र्याचं दार उघडून अप्पाची बायको बाहेर आली. सोजरबाई तिचं नाव. हात पिठाचे होते. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मोबाईल धरलेल्या सरांकडं बघितलं, मग माझ्यापाशी आली.

"ताई, हलगीचे पैसे ज्याचं दार त्याच्याच बिलात लागतेत ना?"

"हाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"म्हंजे हे आत्ता वाजवायलेत, ते आमच्या बिलात?"

"हाव, बाई."

सोजरबाईनं पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "अहो, मग असं मेल्यागत का वाजवायलात? पैसे आपले चाललेत. जोरात वाजवा."