पाटीवरचा नकार

उमरग्यातल्या माझ्या क्लासमध्ये मास्तर पोर्तुगालला कामाला निघालेल्यांना पोर्तुगीज भाषा शिकवत. पहिले पंधरा दिवस नुसता नकार घोकून घेत. "क्रियापदाच्या आधी 'नाउँ', म्हणजे 'नाही', दिसलं, की हात मागं घ्या. पुढचं नंतर वाचा."

एकजण चारच दिवस आला आणि भाषा येत असल्याचा दाखला मागू लागला. "न्हाय देणार, सर. त्याला पाटीबी वाचता येत न्हाय," ते मला म्हणाले. त्याला तिकडं पाठवणाऱ्या एजंटाची घाई होती. दाखल्यावर मास्तरांच्या नावाची सही मी केली.

तिकडं यंत्रावरची 'हात घालू नका' ही पाटी त्या माणसाला कळली नाही, बोटं गेली. गावानं मास्तरांना शिव्या घातल्या. सही कुणाची, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी माझं नाव कुठं घेतलं नाही.

त्या माणसाचा बाप मला अजून वाकून नमस्कार करतो.